शिगेमित्सुंनी घेतलेले पांढरे दिवे

कावाई शिगेमित्सु आमच्या आत्सुमीत चाळीस वर्षं शेवंती लावत होते. पिवळी नाही, जांभळी नाही, फक्त पांढरी, आमच्याकडे अंत्यविधीला वाहतात ती. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माणसं मरायची थांबत नाहीत, म्हणून पांढऱ्याला मरण नाही." आम्ही हसायचो. आमची काचघरं त्यांच्या बांधाला लागून, त्यामुळे पुढचं सगळं मी जवळून पाहिलं.

दिवस लहान झाले की शेवंती कळ्या धरते. दांडा छातीएवढा होईपर्यंत तिला फुलू द्यायचं नसतं, म्हणून आम्ही रात्री काही तास काचघरात दिवे लावून तिची रात्र मोडतो. जुने पिवळे बल्ब मिळेनासे झाले तेव्हा आमच्या शेतकरी संघाने लाल दिवे घ्यायचं ठरवलं. सरकारी सल्लागार नागाया मिनोरी, जेमतेम तिशीची मुलगी, संध्याकाळी संघाच्या शेडमध्ये एक दिवा लावून दाखवायला आली.

"लाव की मग," शिगेमित्सु म्हणाले.

दिवा कधीच लागला होता. सगळे खो खो हसले. "शिगे-सान, मोतीबिंदू काढून घ्या आता!" संघातला ओगावा ओरडला.

शिगेमित्सुही हसले, पण तो दिवा त्यांनी घेतला नाही. नागाया त्यांच्यामागे दारापर्यंत गेली. "कावाई-सान, दुसरे कुठलेही घेऊ नका हं. पांढरे तर नकोच," असं तिने बजावलं. मी तिथेच चपला शोधत होते, माझ्या कानांनी ऐकलं.

चार दिवसांनी ते तोयोहाशीहून निळसर पांढरे, डोळे दिपवणारे दिवे घेऊन आले.

"अहो, सगळ्यांनी लाल घेतलेत," त्यांची बायको तोमिए-सान म्हणाली.

"उदबत्तीएवढा तो उजेड! त्यात काय होणार आहे?"

ऑगस्टअखेर लावलेली त्यांची रोपं वर्षाअखेरच्या बाजारासाठी होती. ऑक्टोबरात तोमिए-सान दांड्यांना आधार देणारी जाळी वर सरकवायला गेली आणि मला हाक मारत बाहेर आली. झाडं गुडघ्याएवढी, आणि प्रत्येकाच्या शेंड्याला कळी. चारही काचघरांत तेच. इतक्या आखूड दांड्याचं फूल बाजारात कुणी हातात धरत नाही.

नागाया येऊन पाहून गेली. पान उलटंसुलटं करत म्हणाली, "पानात एक जनुक असतं. 'थांब, अजून फुलू नकोस' असा निरोप ते शेंड्याला पाठवतं. रात्री लाल उजेड पडला तरच ते कामाला लागतं. तो नसला की दुसरं जनुक पुढे होतं आणि फुलायला सांगतं. हे दिवे आपल्याला लख्ख वाटतात, पण त्यांत लाल फार थोडा. पानाच्या लेखी इथे काळोखच होता."

मग तिने हळूच विचारलं, "लाल का नाही घेतलेत?"

शिगेमित्सु एकेक दिवा काढायला लागले.

उत्तर दिलं ते संघाच्या सभेत. नागायाचे साहेबही आले होते. "पांढरे चालतील असं हिनेच मला सांगितलं," शिगेमित्सु म्हणाले. खाली मान, आवाज मात्र चढलेला.

"मी असं म्हणाले नव्हते," एवढंच ती पोर म्हणाली. तिने एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. माझ्याकडेही. शिगेमित्सुंचं सगळं पीक गेलंय, त्यात आपण कशाला बोलायचं, असं म्हणून मी गप्प राहिले. पुढच्या आठवड्यात तिच्याकडून आमची गावं काढून घेतली आणि तिला कचेरीत बसवलं.

सभेच्या दिवशी शिगेमित्सुंच्या घरी काय झालं ते तोमिए-सानने मला नंतर सांगितलं. तिने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "तुम्हाला लाल दिसत नाही."

"काहीतरीच काय!"

"दारचं पर्सिमॉनचं फळ पिकून लाल झालंय का, हे पस्तीस वर्षं तुम्ही दाबून बघताय. शेजारचं शेंबडं पोरसुद्धा लांबून सांगतं. मी कधी बोलले नाही. पण आज त्या मुलीचं नाव घेतलंत."

चहाचा कप बाजूला सारून ते म्हणाले की शाळेतल्या तपासणीत कळलं होतं. त्यांना लाल रंग विझल्यासारखा, काळपट दिसतो. आईने घरी आणून दार लावलं आणि बजावलं, "कुणाला कळता कामा नये. घराण्यात दोष आहे म्हणतील, तुझ्या बहिणीला स्थळ येणार नाही." तेव्हापासून साठीपर्यंत ते तोंड शिवून राहिले. रंग निवडायला लागू नये म्हणूनच पांढरी शेवंती.

"आणि अकेमी?" तोमिए-सानने विचारलं. अकेमी त्यांची एकुलती एक मुलगी, नागोया शहरात दिलेली, पाचव्या महिन्यात होती. "तिला मुलगा झाला तर त्यालाही असू शकतं ना हे?"

"असू शकतं. मुलीकडून हे मुलग्यांत उतरतं, मुलींत सहसा दिसत नाही."

"मग आधी तिला सांगा."

फोनवर अकेमी सगळं ऐकून घेऊन म्हणाली, "बाबा, माझ्या लग्नाआधी का नाही सांगितलंत? आता सासूबाईंना काय सांगू?" आणि म्हणाली, "आईला द्या फोन."

पुढच्या सभेत शिगेमित्सु उभे राहिले. "मी खोटं बोललो. मला लाल दिसत नाही," म्हणाले आणि कमरेत वाकून तसेच राहिले. ओगावानेच त्यांना धरून बसवलं. नागायाच्या कचेरीतही ते मिठाईचा डबा घेऊन गेले. मीही सोबत गेले. माझंही देणं होतं. तिने डबा घेतला नाही. "कावाई-सान, तुम्ही घाबरला होता, ते मी समजू शकते," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "तुम्ही तर दाराशीच होता."

ती आमच्याकडे परत आली नाही. शिगेमित्सुंनी लाल दिवे लावले. दिवे लागले की नाही हे तोमिए-सान सांगते. वसंतात फुलं उंच आली.

अकेमीला मुलगी झाली. दोन्हीकडची माणसं सुटल्यासारखी हसली. दवाखान्यात शिगेमित्सुंनी नातीला घेतलं आणि म्हणाले, "हिलाही सांग, मोठी झाली की. हिच्या मुलांना असू शकतं."

"बघू," अकेमी म्हणाली, आणि बाळ परत मागितलं.