भरल्यावर सुटणारं ॲप

चूक तात्यांची. आधीच सांगून टाकतो, कारण बारामतीच्या स्टँडवर चहाला बसलो की कुणीतरी विचारतंच, "संक्या, तुझ्या ॲपचं काय झालं रं?" एक किस्सा सांगावा तर त्याला धरून दुसरा बाहेर येतो. चहा गार होतो, मी थकतो, ऐकणारे मात्र ताजेतवाने!

तात्या म्हणजे माझे चुलते, लासुर्णे-बारामती जीपवाल्यांचे अध्यक्ष. आणि ॲप म्हणजे एकाच बुकिंगवर लासुर्ण्यातून जीप, बारामतीत रिक्षा आणि पुढं दौंडची रेल्वे किंवा एसटी, सगळ्यांच्या वेळा जुळवून. त्यासाठी मी इंजिनिअरिंग तिसऱ्या वर्षाला सोडलं. पुण्याची एक कंपनी प्रवास करून बघणार होती. पसंत पडलं तर ॲप त्यांचं आणि मला तिथंच नोकरी.

* * *

जीपवाल्यांच्या पहिल्या मीटिंगला मी विचारलं, "तात्या, सकाळची जीप किती वाजता सुटते?"

"भरल्यावर."

"तसं न्हाय, ॲपमध्ये वेळ टाकायचीय."

"मग टाक की. कोण नको म्हणतंय?"

"पण काय टाकू?"

तात्यांनी सगळ्यांकडं बघत मान हलवली. "शिकून पोरं बाद होत्यात ती ही अशी. भरल्यावर, असं टाक!"

* * *

एका नर्सताईंनी ड्यूटीवर जायला पुढची सीट बुक केली. येऊन बघतात तर सीटवर टॉवेल. टॉवेल आण्णांचा. आण्णा म्हणजे तात्यांचे मेहुणे. आणि आमच्याकडं खिडकीतून टॉवेल टाकला की जागा धरली. आण्णा स्वतः समोरच्या हॉटेलात मिसळ खात होते.

ताईंनी ड्रायव्हरला मोबाईल दाखवला. तो म्हणाला, "ताई, तुमचं बुकिंग मोबाईलमधी हाय. आण्णांचं सीटवर हाय."

ताई मागं बसल्या. मला एक स्टार!

* * *

रिक्षावाल्यांचे म्होरके मुनीरचाचा भला माणूस, पण नंबरचा पक्का. स्टँडवर रांगेत जो पुढं, भाडं त्याचं. ॲपनं मात्र प्रवाशाच्या जवळची रिक्षा निवडली, ती रांगेत पाचवी.

चाचा म्हणाले, "बाळा, नंबर तोडायचा न्हाय. भांडणं हुतील."

थोड्या वेळानं प्रवाशाचा फोन. "ओ, मी एकटाच हाय. वरात कशाला पाठवली?"

पाचही रिक्षा गेल्या होत्या. नंबरानं!

* * *

जीप कुठं आहे ते नकाशावर दिसायचं. ऐन श्रावणात तात्या घरी सांगून गेले, "कारखान्यावर मीटिंग हाय." काकूंनी ॲप उघडलं. जीप मटणाच्या खानावळीपुढं!

दुसऱ्या दिवशी तात्या माझ्या दारात. "एवढं इंजिनिअरिंग शिकलास, गाडी लपवायचं बटन बसवता येत न्हाय व्हय रं?"

* * *

मग पुण्याच्या कंपनीचे सर प्रवास करून बघायला आले. भरल्याशिवाय सुटत नाही ना? मीच चुलतभाऊ आणि दोस्त कोंबून जीप भरली. सर पुढच्या सीटवर. जीप वेळेवर सुटली! तात्याही सोबत होते, अध्यक्ष म्हणून.

भवानीनगरला तात्यांनी ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवला. "थांब. आण्णा येणार हाईत."

"कुठं हाईत?"

"सलूनात. दाढी चाललीय."

मी म्हणालो, "तात्या, दौंडची गाडी चुकंल. मागनं दुसरी जीप हाय की!"

"अर्धी दाढी झालेला माणूस सोडून जायाचं? सोयरा हाय त्यो आपला!"

सरांनी घड्याळ बघितलं. मी सरांकडं बघायचं टाळलं. आण्णा आले ते गालाला पावडर लावून, निवांत. पुढच्या दारापाशी थांबले आणि खिडकीतून सरांच्या मांडीवर टॉवेल ठेवला.

सर उठून मागं आले.

बारामतीला पाच रिक्षा रांगेत उभ्या होत्या. आम्ही पहिलीत बसलो, चार मागून आल्या. स्टेशनवर पोचलो तेव्हा रिकाम्या प्लॅटफॉर्मवर झाडूवाला झाडत होता.

शेवटच्या रिक्षातून तात्या उतरले. सरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलं न्हवं साहेब? तुमच्यातली गाडी माणसाला सोडून जाती. आमची जात न्हाय!"

सर एसटीनं गेले. नोकरी गेली, डिग्री आधीच गेली होती.