दिंगबोचेचा मुक्काम

हिंदुरावांनी एकतीस हंगाम आगीसमोर काढले, पण बर्फ पाहिला तो फक्त रसवंतीतला, भुशात ठेवलेला. हे ते स्वतःच हसत सांगायचे. माढ्याकडच्या एका साखर कारखान्यात ते बॉयलरवर होते. दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटला की उन्हाळा डोक्यावर येईपर्यंत विझायचा नाही. नात्यातली लग्नं, जत्रा, बारशी सगळी नेमकी त्याच दिवसांत यायची. सोजरबाई एकट्या जायच्या, एकट्या परत यायच्या आणि नवऱ्याच्या वाटणीचा लाडू पदराला बांधून आणायच्या.

निवृत्तीनंतर दोघं सोलापुरात, जुळे सोलापूरला एका चार मजली इमारतीत राहायला आली. थोरला अभिमन्यू आणि धाकटी पायल, दोघंही पुण्यात. पायल यंत्रमापनाची इंजिनिअर. कुठल्या पाइपात किती दाब, कुठल्या भट्टीत किती तापमान, हे दुरून मोजणारी यंत्रं ती बसवते. बापाला याचं फार कौतुक. आम्ही काचेत डोळा घालून पाणी बघायचो, ही पोरगी पुण्यात बसून बघती, असं त्यांचं वॉचमनपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालेलं.

फेब्रुवारीत पायल घरी आली ती नेपाळ ठरवूनच. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या तळापर्यंत चालत जायचं होतं, ऑक्टोबरात. मैत्रीण बरोबर येणार होती, तिचं लग्न ठरलं आणि ती गळाली. पायल एकटी जाते म्हणाली. सोजरबाई नको म्हणाल्या. हिंदुराव भाकरी मोडता मोडता म्हणाले, "मी येतो की."

आधी सगळे हसले. मग पायल हसायची थांबली. बापाचं वय साठ, पोट नाही, विडी-काडी नाही. साठीतली कितीतरी माणसं जातात, तिने वाचलं होतं. रात्रीचं जेवण होईपर्यंत तिने कागद पुढे ओढून मार्ग काढला. काठमांडू, तिथून छोट्या विमानाने लुकला, मग फाकडिंग, नामचे, तेंगबोचे, दिंगबोचे, लोबुचे, गोरखशेप. नामचेला एक दिवस जादा मुक्काम, दिंगबोचेला एक. त्या दोन दिवसांत पुढे सरकायचं नाही, विरळ हवेची शरीराला सवय होऊ द्यायची. परतल्यावर काठमांडूत सोजरबाई येऊन मिळणार, अभिमन्यू त्यांना घेऊन येणार. मग पशुपतिनाथ, पोखरा.

"आणि जनकपूर," सोजरबाई म्हणाल्या.

जनकपूर म्हणजे सीतेचं माहेर. तिथे जाऊन सीतामाईची ओटी भरायची, हे सोजरबाईंच्या मनात कधीपासून होतं कुणास ठाऊक. आजवर त्यांनी नवऱ्याकडे कुठे न्या म्हणून हट्ट धरला नव्हता, कारण धरून उपयोग नसायचा. हिंदुराव लगेच म्हणाले, जनकपूर तर पहिलं लिही.

सरावासाठी सोलापुरात डोंगर कुठून आणणार? हिंदुरावांनी इमारतीचा जिना धरला. पाठीवर पिशवी, पिशवीत आठ किलो ज्वारी, खालून गच्चीपर्यंत रोज दहा खेपा. जिन्यात भेटेल तो चेष्टा करायचा. पहिल्या मजल्यावरच्या सुंदरम्मा तेलुगू वळणाच्या मराठीत विचारायच्या, आज एव्हरेस्ट आलं का हो? पायलने एक तक्ता बनवून त्यांच्या फोनवर टाकला. त्यात रोज चढण्याआधीचा ऑक्सिजन, चढून झाल्यावरचा ऑक्सिजन, नाडी. बोटाला लावायचं यंत्र घरात होतंच, कोरोनात आणलेलं. तिकडे पुण्यात तिला तो तक्ता दिसायचा.

इथे हिंदुरावांच्या नोकरीतली एक गोष्ट सांगायला हवी. बॉयलरवर दर तासाला नोंद करायची असते. पाण्याची पातळी, वाफेचा दाब, धुराचं तापमान. पण बॉयलर नीट चालला असला तर दर तासाला कोण उठतं? पाळी संपताना एकदाच बसायचं आणि आठ तासांचे आकडे भरून टाकायचे. एकसारखे भरायचे नाहीत, एकसारख्या आकड्यांवर साहेब बोट ठेवतो. थोडे वर, थोडे खाली. यात आपण खोटं लिहितो असं कुणाला वाटत नसे. बॉयलर कानाने कळतो, कागद साहेबासाठी असतो. हिंदुरावांचा कान चांगला होता. एकतीस हंगामांत त्यांच्या पाळीत कुणाला इजा झाली नाही.

पायलचा तक्ता त्यांनी पहिले अकरा दिवस खरा भरला. सुरुवातीचा आकडा शहाण्णव, सत्त्याण्णव. चढून आल्यावर यंत्र ब्याण्णव, एक्क्याण्णव दाखवी. बाराव्या दिवशी मात्र सत्त्याऐंशी. काटा वेडंवाकडं दाखवायला लागला तर आधी काट्यावर संशय घ्यायचा, हा त्यांचा जुना नियम. त्यांनी सेल बदलले. मग बोटं नीट बघितली. गरम लोखंड हाताळून टोकं चामड्यासारखी झालेली, त्यातून उजेड काय जाणार? सोजरबाईंच्या बोटाला लावलं तर अठ्ठ्याण्णव आलं. बायकांची बोटं मऊ असतात, ते म्हणाले. त्या दिवशी तक्त्यात त्यांनी चौऱ्याण्णव लिहिलं आणि पुढच्या रविवारी निवांत बसून सगळा आठवडा भरून काढला.

तेव्हापासून रविवार ठरला. ज्वारीची पिशवी रोज खरी, खेपा रोज खऱ्या, फक्त आकडे रविवारचे. त्यात हळूहळू सुधारणाही दाखवली, कारण सराव केल्यावर माणूस सुधारतो. चौऱ्याण्णव, पंचाण्णव, मध्येच एखादा त्र्याण्णव. पायल फोनवर खूश व्हायची. जूनमध्ये ती त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. रक्तदाब, साखर, हृदयाची पट्टी, सगळं उत्तम. दम लागतो का, डॉक्टरांनी विचारलं. चार मजले दहा वेळा चढतो की, हिंदुराव म्हणाले. पायलने फोनवरचा तक्ता पुढे केला. डॉक्टर हसले, म्हणाले, हे माझ्यापेक्षा बरे आहेत.

खोकल्याचं कुणी विचारलं नाही. तो सांगण्यासारखा नव्हताच. रस काढून उरलेलं उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जळतं, त्याची बारीक धूळ हंगामभर छातीत जाते. बॉयलरवरचा प्रत्येक जण हंगामात खोकतो आणि पावसाळ्यात बरा होतो. हिंदुरावही दर पावसाळ्यात बरे व्हायचे. यंदा पोळा आला तरी खोकला गेला नव्हता, आणि हंगाम तर त्यांनी दोन वर्षांपूर्वीच सोडला होता.

ऑगस्टच्या शेवटी पायलने अंतिम वेळापत्रक मांडलं. तिला रजा एकोणीस दिवसांची. लुकलाचं विमान ढगांमुळे अडकतं, म्हणून एक दिवस हाताशी राखायचा. बेरीज काही जमेना. पोखरा ठेवलं तर जनकपूर जातं. ती फोनवर म्हणाली, आई, जनकपूर पुढच्या वेळी करू. सोजरबाई बरं म्हणाल्या. त्या नेहमी जसं बरं म्हणायच्या तसंच म्हणाल्या आणि ताट धुवायला उठल्या.

दोन दिवसांनी पायलचाच फोन आला. उपाय सापडला होता. "आप्पा, तुमचे सहा महिन्यांचे आकडे मी आलेखावर घातले. इतके स्थिर आहेत ना! नामचेचा आणि दिंगबोचेचा जादा मुक्काम काढून टाकू. दोन दिवस वाचतात. आईचं जनकपूर बसतं."

सोजरबाईंनी त्याच संध्याकाळी ट्रंक उघडली आणि ओटीसाठी खण कुठला न्यावा, याचा विचार सुरू केला. हिंदुराव बघत बसले.

सप्टेंबरात एका सकाळी ते गुलबर्ग्याकडे जाणाऱ्या गाडीने दुधनीला गेले. तिथे निंगप्पा राहायचा, बॉयलरवरचा त्यांचा जोडीदार. वीस हंगाम दोघांनी पाळ्या बदलल्या होत्या. जाड कानटोपी मागायला आलो, असं हिंदुरावांनी सांगितलं. निंगप्पाला मुलाने हिमाचलातून आणून दिली होती.

निंगप्पा ओट्यावर बसला होता. शेजारी एक यंत्र घरघरत होतं आणि त्याची नळी निंगप्पाच्या नाकात होती. वर्ष झालं म्हणाला. बायको सिद्धम्माने चहा आणला आणि कानडीत काहीतरी बोलून ती आत गेली. निंगप्पाने अर्थ सांगितला, चालताना बोलू नको म्हणती, बोलताना चालू नको म्हणती, मग मी काय करू? हसता हसता त्याला ठसका लागला. तो थांबेपर्यंत हिंदुराव अंगणातल्या शेळीकडे बघत राहिले.

नेपाळचं ऐकून निंगप्पाने त्यांना कानडीत वेडा म्हटलं. मग शांतपणे विचारलं, "जिना चढून किती येतंय तुजं?"

"सत्त्याऐंशी. कवा शाऐंशी."

"पोरीला ठावं हाय?"

हिंदुरावांनी चहाचा कप उचलला. निंगप्पाने नळी नाकात नीट बसवली. "माजं बी पयल्या वर्षी तेवडंच यायचं," तो म्हणाला. "मी म्हनलो, बोटं जाड हायती."

कानटोपी न घेताच हिंदुराव निघाले, हे गाडी अक्कलकोट रोडला थांबल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

रविवारी दुपारी पायलचा व्हिडिओ कॉल आला. संध्याकाळी ती वेळापत्रक काठमांडूच्या वाटाड्याला पाठवणार होती. एकदा पाठवलं की खोल्या, विमान सगळं त्याप्रमाणे ठरणार. सोजरबाई कोपऱ्यावर वाण्याकडे गेल्या होत्या. हिंदुरावांनी दार ओढून घेतलं.

मुक्कामाचे दिवस काढू नको, ते म्हणाले. पायलने कारण विचारलं. त्यांनी बॉयलरचं उदाहरण दिलं. थंड पडलेला बॉयलर एकदम पेटवत नाहीत. आधी मंद जाळ, दिवसभर, कधी दोन दिवस. घाई केली तर आतल्या विटा फुटतात, नळ्या ताणतात. बाहेरून काही दिसत नाही. पायलला उदाहरण फार आवडलं. पण ती म्हणाली, हे ज्यांची तयारी नाही त्यांच्यासाठी. तुमचे आकडे बघा ना.

हिंदुरावांनी घसा साफ केला. "ते आकडे समदे मोजून लिवल्याले न्हाईत."

पडद्यावर पायल स्थिर झाली. क्षणभर त्यांना वाटलं, नेट गेलं.

"म्हणजे?"

"रोज कोण यंत्र लावतं? कवा कवा अंदाजानं लिवले."

"किती दिवसांचे, आप्पा?"

"थोडे."

पायलने तक्ता उघडला. आवाज चढवला नाही. ती मोजणारी पोरगी होती, तिने मोजायचं ठरवलं. म्हणाली, आत्ता चढून या. पाच खेपा. मी फोन चालू ठेवते. आल्या आल्या बोट कॅमेऱ्यासमोर धरा. नव्वदच्या खाली आलं तर तुम्ही काठमांडूला आईबरोबर या. मी एकटी वर जाते.

"एकटी?"

"तिकीट काढलंय. मी जाणार."

फोन टेबलावर टेकवून, पिशवी पाठीला लावून आणि यंत्र खिशात टाकून हिंदुराव बाहेर पडले. एक खेप झाली, दुसरी झाली. तिसऱ्या खेपेला गच्चीच्या दाराशी ते थांबले. छाती वरवर हलत होती, आत काही पोचत नव्हतं. ते पायरीवर बसले आणि बोटाला यंत्र लावलं.

पंच्याऐंशी.

चांगल्या कानाचा माणूस. स्वतःच्या श्वासातली शीळ त्यांना स्पष्ट ऐकू येत होती. असा आवाज बॉयलरमधून आला असता तर त्यांनी साहेबाला न विचारता जाळ बंद केला असता.

पायल आणि तो बर्फ. पायल एकटी, अनोळखी वाटाड्याबरोबर. आणि खाली ट्रंकेवर काढून ठेवलेले दोन खण, एक हिरवा, एक जांभळा, कुठला न्यायचा ते अजून ठरायचं होतं.

त्यांनी यंत्र काढलं नाही. बसून राहिले. शहाऐंशी झाले. सत्त्याऐंशी. पारा चढावा तसा आकडा रेंगाळत वर येत होता. नव्वदवर तो फार वेळ अडकला. सत्त्याण्णव घेऊन गेलो तर ती मानायची नाही, हे त्यांना कळत होतं. नव्वद म्हणजे अगदी काठावर. पटेल असा आकडा हवा. नोंदीच्या कागदावर खराब आकडा जागेवर कसा आणायचा, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. एकदम नाही, बेताबेताने. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाच खेपांचा वेळ मोजला, वर थोडा जादा धरला, आणि त्र्याण्णव दिसल्यावर उठले.

खाली येताना शेवटच्या आठ पायऱ्या ते मुद्दाम भरभर उतरले, दार ढकललं आणि बोट कॅमेऱ्यासमोर धरलं.

पायल पडद्याच्या अगदी जवळ आली. तांबडा आकडा लुकलुकत होता.

"त्र्याण्णव," ती म्हणाली आणि तिचे खांदे सैल पडले. "तुम्ही मला घाबरवलंत, आप्पा. मला वाटलं काय निघतंय."

"सांगितलं की तुला."

मग ती पुन्हा पूर्वीसारखी भरभर बोलू लागली. आकडे थोडे फुगवलेले होते, हे ती धरून चालणार. म्हणून नामचेचा मुक्काम परत घालते. तेवढा एक दिवस पोखऱ्यातून कापू. पण दिंगबोचेचा काढते, नाहीतर आईचं जनकपूर जाईल. चालेल ना?

हिंदुरावांना बोलायचं होतं ते बोलून टाकायला हीच वेळ होती. बाहेर जिन्यात सोजरबाईंच्या चपलांचा आवाज येत होता. त्या सुंदरम्मांशी काहीतरी बोलून हसत होत्या.

"व्हय," ते म्हणाले. "चालतंय."

संध्याकाळी सहाच्या सुमाराला वेळापत्रक काठमांडूला गेलं. पायलने त्याची प्रत घरच्यांनाही पाठवली. सोजरबाईंना अक्षर बारीक दिसायचं, म्हणून हिंदुरावांनी सगळ्या ओळी वाचून दाखवल्या. काठमांडू, लुकला, फाकडिंग, नामचे, नामचे मुक्काम, तेंगबोचे. पुढच्या ओळीला त्यांनी चष्मा पुसला. दिंगबोचे, रात्र एक. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता लोबुचेकडे प्रस्थान, चढ.