पंडुमाआधीचा पूर

हे मी लिहावं की नाही, अजून ठरत नाही. माझ्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नाही. घरी आम्ही गोंडी आणि इकडची मराठी मिसळून बोलतो. पुस्तकातली मराठी मला शाळेत भेटली. चुकलं तर माफ करा. पण वर्गात जे बोलायचं राहून गेलं, ते मला आत ठेवता येत नाही.

चंद्रपूरला भूगोलाच्या सरांनी सेमिनारचे विषय वाटले. समुद्रातली लहान बेटं, तिथलं बदलतं हवामान आणि सरकारांचे उपाय, हा विषय कोणी घेईना. मी हात वर केला. म्हटलं, "सर, आमचं गावपण बेटच आहे. पावसाळाभर." भामरागडच्या पुढे, दोन नद्यांच्या मधे आमचं गाव. वर्ग हसला. "बेट समुद्रात असतं," सर म्हणाले, पण विषय मलाच दिला. होस्टेलवर माझं नाव बेटवाल्या पडलं.

"काऊन बे बेटवाल्या, गावून येतानी नारळ आनशीन का?" घुग्घुसचा माझा रूममेट विचारायचा.

"मोहफुलं आनतो. चालतीन?"

आमच्या बेटावरही सरकारचे उपाय आहेत. जूनमध्ये पाऊस लागायच्या आधी ट्रॅक्टर पावसाळ्याचं रेशन टाकून जातो. त्याच सुमारास जीप येते आणि दिवस भरत आलेल्या बायांना तालुक्याच्या दवाखान्याजवळ नेऊन ठेवते. सोय चांगली आहे, खोटं कशाला बोलू? तिच्यामुळे बाया वाचल्या आहेत. आमच्या गावाची एक रीतही आहे. बीजपंडुमाच्या सणाला पुजारी देवापुढचं बियाणं घरोघर वाटतो. ते घरात येईपर्यंत गरोदर बाई गावाची शीव ओलांडत नाही. पंडुमही पुराच्या आधी, जीपही पुराच्या आधी. कधी अडलं नाही.

यंदा माझी मोठी बहीण, आमची अक्का, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मे महिन्यात मी घरी गेलो तेव्हा गावातल्या आशा कार्यकर्त्या बाई अंगणात बसून तिला समजावत होत्या.

"माह्या संगं आताच चाल. तुह्या पायावरची सूज तं पाय."

"पंडुम होऊ द्या ना बाई. नदी कुठी पळून चालली?"

"नदी नाई पळत. पानी आल्यावर तू पळशीन का, एवढं पोट घेऊन?"

अक्का हसली. बा म्हणाला, "जीप तं येतेच ना बाई. मे मयन्यात कधी पूर पायला का तुमी?"

त्यांनी पाहिला नव्हता. आमच्यापैकी कोणीच पाहिला नव्हता. तरी त्यांनी जीप लवकर पाठवा म्हणून तालुक्याच्या ऑफिसला कळवलं. गाड्या जूनमध्येच निघतात, असं उत्तर आलं.

मी कॉलेजला परतलो आणि मे संपायच्या आत पाऊस कोसळला. समुद्रात वादळ उठलं होतं म्हणे. आम्ही समुद्र कधी पाहिलेला नाही, पण त्याचं पाणी आमच्या नद्यांत आलं. गाव तुटलं, मोबाइलचा टॉवर बंद पडला. मी निघालो, तर आलापल्लीच्या पुढे बसच नव्हती. परत येऊन नुसता फोन लावत राहिलो.

त्यातच सेमिनार आला. बेटांवरच्या विहिरी कशा खारट होतात, कुठलं सरकार माणसांना हलवायचं म्हणतं, आणि पुरलेली माणसं सोडून जायला लोक कसे तयार होत नाहीत, हे मी वाचून दाखवलं. सर खूश झाले. त्यांनी विचारलं, "मग उपाय फसतात कुठे?" मला सांगायचं होतं, की पाऊस आपली वेळ सोडतो आणि उपाय त्याच तारखेला बसून राहतात. पण मी म्हणालो, "निधी कमी पडतो, सर."

होस्टेलवर मी अक्का गावात अडकल्याचं सांगितलं तेव्हा एक जण म्हणाला, "अंधश्रद्धाच ना बे. पंडुमासाठी थांबायचं काय?" त्याचं उत्तर आज लिहितो. आम्ही पंडुमाची वाट पाहिली आणि ऑफिसनं जूनची. ऑफिसच्या थांबण्याला अजून कोणी अंधश्रद्धा म्हटलेलं मी ऐकलं नाही.

फोन आला तेव्हा मी मेसमध्ये होतो. रेंजसाठी बा डोंगरावर चढला होता.

"जेवला का?"

"अक्का कशी हाय, बा?"

"अक्का हाय. खाटीवर टाकून नदीपातूर नेली होती. धार लय होती, डोंगा पान्यात घालाले कोणी तयार होईना. मंग वापस आनली. घरीच मोकळी झाली. पोरगी झाली. रडली नाई."