वापरून फेकायचा गाऊन

किराडपुऱ्यात सगीराबीची शिवण ओळखायला चष्मा लागत नाही. उसवायला गेलात तर कापड फाटेल, टाका सुटणार नाही. तिनं सलवारी शिवल्या, शाळेचे गणवेश शिवले, आणि गेली दोन वर्षं बन्सी ठेकेदाराकडून दवाखान्याचे गाऊन शिवायला घेत होती. पेशंटला घालतात तो हिरवा, मागून उघडा, माणसाची इज्जत तीन नाड्यांवर टांगणारा. नगाला बावीस रुपये, दोरा तिचाच. नाडी जोडतात तिथं ती शिवणीचा चौकोन घालायची आणि वर फुली मारायची. बन्सी म्हणायचा, खाला, एवढी मेहनत कशाला, एक टाका बस झाला. ती म्हणायची, नाडी तुटली तर तुझं काय जातंय, लाज पेशंटची जाते.

तिचा नवरा याह्या सायकली दुरुस्त करतो. त्याला हर्निया झाला. डॉक्टरनं समजावून सांगितलं, पोटाच्या भिंतीला भोक पडलंय, जाळीचं ठिगळ लावू. ठिगळ सगीराला चटकन कळलं. ठिगळाचे किती, असं विचारलं तर डॉक्टर हसला. तुम्हाला काय चिंता, तुमचं कॅशलेस आहे. पोरगी गजाला वाळूजच्या कंपनीत, आणि कंपनीच्या पॉलिसीत आईबाप बसलेले.

कॅशलेस हा शब्द लई गोड. ‘आम्हाला काही नको, फक्त पोरगी द्या’ म्हणणाऱ्या सोयऱ्यासारखा. खरी यादी मांडवात निघते.

जालना रोडवरच्या त्या काचेच्या दवाखान्यात ठिगळ नीट बसलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरनं सुट्टी लिहिली. वॉर्डातली आवडाबाई कपडे गोळा करायला आली. दोन गाऊन दिले होते, दोन्ही द्या म्हणाली. धोब्याकडं मोजून जातात, एक कमी भरला तर माझ्या पगारातून कापतात. घडी घालताना सगीराचा हात नाडीवर थांबला. चौकोन, वर फुली. कॉलरला धोब्याची काळी खूण, धुऊन धुऊन फिकी पडलेली. तिला हसू आलं. तीन दिवस तुम्ही माझ्याच हातचं घालून झोपलात, असं ती याह्याला म्हणाली. तो म्हणाला, म्हणूनच पाठीला वारा लागला नाय.

हसून झालं. मग खाली बिलाच्या खिडकीवर गेली.

बिल ब्याण्णव हजार. विम्यानं मंजूर केले अठ्ठ्याहत्तर हजार पाचशे चाळीस. बाकीचे तेरा हजार चारशे साठ तुमचे, भरा आणि पेशंट न्या. सगीराच्या बटव्यात नऊ हजार होते. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस. बाराच्या आत भरलं नाही तर आणखी एक दिवस लागतो, लॉजसारखा, आणि डॉक्टरनं सुट्टी लिहिल्यावरच्या त्या दिवसाचा एक पैसा विमा देत नाही. गजालाला फोन लावला. ती म्हणाली, अम्मी, शेजारच्या टेबलावरून उसने घेते, तू भांडू नको.

सगीरा भांडली नाही. तिनं तपशील मागितला.

बिलिंगच्या साहेबानं तोंड वाकडं केलं. गळ्यात पट्टा, पट्ट्यात फोटो, फोटोत मात्र हसतोय. तपशील विमा कंपनीला जातो, पेशंटला देत नाही म्हणाला.

“विम्याला गेला तो विम्यानं भरला,” सगीरा म्हणाली. “मी भरणार त्याचा मला द्या.”

रांगेतलं कुणीतरी हसलं. साहेबानं कागद छापला.

आता हे वाचणाऱ्यांनी कान उघडे ठेवावेत. हातमोजे, मास्क, गाऊन असल्या वस्तूंचे पैसे बऱ्याच पॉलिसी देत नाहीत. विम्याचा माणूस जिथं डोळे वटारून बघतो तिथं आकडा सरळ चालतो. जिथं सगीराबीच भरणार, तिथं त्याला पाय फुटतात. कागदावर होते: वापरून फेकायचे गाऊन, नग आठ, दर साडेचारशे. ॲडमिशन किट, अठराशे पन्नास. ते किट आलं कधी, गेलं कधी, अल्लाला ठाऊक. हातमोजे साठ जोड. एवढ्या हातांनी याह्याला धरलं असतं तर बिचारा गुदमरला असता.

ती म्हणाली, गाऊन दोन होते, आणि ते फेकायचे नाहीत, धुतात. साहेबानं मान हलवली. मावशी, एकदा घातला की कचऱ्यात, इन्फेक्शनचा प्रश्न असतो. मग त्याचे डोळे बारीक झाले.

“धुतात म्हणून कुणी सांगितलं? वॉर्डातल्या कुणी? नाव सांगा, आत्ता खाली बोलावतो.”

सगीरानं मनात हिशोब केला. नाव सांगितलं की छत्तीसशे सुटत होते आणि आवडाबाईची नोकरीही. न सांगावं तर आपलं म्हणणं हवेत. अकरा चाळीस झाले होते.

एक्स-रेच्या दारात चाकाच्या खुर्चीवर एक म्हातारबा गाऊन घालून बसले होते. सगीरा तिकडं गेली, अदबीनं म्हणाली, बाबा, जरा मानेची नाडी बघू का. बाबांनी मान वाकवली. तिनं साहेबाला हाक मारली.

“हा चौकोन बघा, वर फुली. ही माझी शिवण. बन्सी ठेकेदाराचा माल, नगाला बावीस रुपये मला मिळतात. आणि ही धोब्याची खूण. कचऱ्याची पेटी कपडे धुऊन इस्त्री करून परत पाठवते का, साहेब?”

तोंडातून बन्सीचं नाव गेलं तेव्हाच तिला कळलं की आपलं काम गेलं. पण शब्द म्हणजे कातरलेलं कापड.

साहेब हळू आवाजात म्हणाला, दोन हजारांची सवलत लावतो, विषय संपवा. सगीराचं डोकं तिथं फिरलं.

“खैरात नको. जे दिलंच नाय, ते खोडा.”

रांगेतल्या तिघांनी आपापली बिलं उलटीपालटी करायला घेतली. एकानं विचारलं, आमच्यात किती गाऊन आहेत हो? साहेबानं ते बघितलं आणि खोडलं. गाऊन गेले, किट गेलं, चोपन्नशे पन्नास उतरले. हातमोजे तसेच राहिले. बारा वाजत आले होते, आणि असल्या दवाखान्याचा खरा वकील म्हणजे भिंतीवरचं घड्याळ. सगीरानं आठ हजार दहा मोजले आणि याह्याला रिक्षात बसवलं.

पाचव्या दिवशी बन्सी दारात. दवाखान्यानं त्याला झापलं होतं. खाला, तोंड जरा आवरायचं होतं म्हणाला. कातरलेलं कापड परत मागितलं, तिनं काढून दिलं. शिवून झालेल्या बारा गाऊनांवर मात्र तिनं हात ठेवला. मजुरी? बन्सी म्हणाला, दवाखान्यानं माझंच पेमेंट अडवलंय, नंतर बघू.

“नंतर नाय. तुझ्या दवाखान्याच्या भावानं बाराचे चोपन्नशे होतात. ते आण, नायतर माझ्या भावानं दोनशे चौसष्ट. नसतील तर गाऊन इथंच राहू दे, वापरून फेकायचेच आहेत ना, फेकले म्हणून सांग.”

बन्सीला हसावं की चिडावं कळेना. त्यानं खिशातून पैसे काढून मशीनवर ठेवले. सगीरानं मोजले, आणि गजालाच्या जुन्या वहीचं पान फाडून त्याला लिहून दिलं: गाऊन बारा, दर बावीस, दोरा सगीराचा.