सेफ्टी शूज घालून चाकणपर्यंत

आमच्या थेरगावच्या मॉर्निंग वॉक ग्रुपने थेरगाव ते चाकण असं दिवसभर चालायचं ठरवलं, तेव्हा सगळ्यात आधी नाव दिलं ते आमच्या ह्यांनी. मला विचारलंसुद्धा नाही. दमलात की बसायचं, या अटीवर डॉक्टरांनी होकार दिला. मग मीही नाव दिलं. या माणसावर लक्ष कोण ठेवणार?

पहाटे डांगे चौकात सगळे रंगीबेरंगी बूट घालून जमले. आमच्या ह्यांच्या पायांत कंपनीचे सेफ्टी शूज, बोटांवर लोखंडी टोपी असलेले. "नोकरीभर हेच घातले, आता एका दिवसासाठी नवे कशाला?" म्हणाले. मशीनपाशी उभं राहणं वेगळं आणि रस्ता तुडवणं वेगळं, हे त्यांना पटणार नव्हतं. त्यांच्या रबरी चपला मात्र मी गुपचूप पिशवीत टाकल्या होत्या.

त्यांना चाकणचं काही नव्हतं, वाटेतल्या कंपनीच्या गेटाचं होतं. दोन वर्षांपूर्वी कामावर छातीत दुखायला लागलं आणि त्या गेटातून त्यांना ॲम्ब्युलन्समध्ये आडवं घालून बाहेर आणलं. मग ऑपरेशन, मग घर. पुन्हा कामावर जाणं झालंच नाही. त्या दिवशीचे हे शूज त्यांनी दारातून हलू दिले नाहीत. केर काढताना मी रोज त्या शूजच्या नावाने बडबडायचे.

मोशीच्या पुलावर हे थांबले. "नदी बरीच रुंद आहे की गं!" इतकी वर्षं याच पुलावरून कंपनीच्या बसने गेले, पण खिडकीला डोकं टेकून, झोपेत. मला हसू आलं.

पुढे ते लंगडायला लागले. दमलेल्यांसाठी मागून येणारा टेम्पो शेजारी थांबला. "अहो, बसा. हट्ट पुरे," मी म्हटलं. "छातीत काही होतंय का?"

"छाती ठणठणीत आहे, पायच बोंबलतायत. गेटापर्यंत चालू दे. त्या दिवशी आडवा बाहेर आलो. एकदा तिथून उभ्याने जाऊ दे."

मी टेम्पोला पुढे जायला सांगितलं आणि त्यांचा हात धरला. भर रस्त्यात हात धरायची आम्हाला सवय नाही, पण त्यांनी सोडवून घेतला नाही.

गेटावरचा वॉचमन जुन्या ओळखीचा निघाला. पायांकडे बघून म्हणाला, "शूज हायेत, पर हेल्मेट कुठंय दादा?"

हे खळखळून हसले. ऑपरेशननंतर तसं हसणं मी ऐकलंच नव्हतं. मग गेटासमोरच्या कठड्यावर बसून त्यांनी शूज काढले. टाचा पार सोलवटल्या होत्या. मी चपला पुढे केल्या.

"तुला हे टाकायचे होते ना?" शूज माझ्याकडे देत ते म्हणाले. "टाक आता."

चपला घालून ते हळूहळू पुढे निघाले. कोपऱ्यावर कचऱ्याचा डबा होता. मी तिथे थांबले, ते मागे वळून बघत नाहीत याची खात्री केली, शूज पिशवीत तळाशी ठेवले आणि वर टॉवेल पांघरला.