'ठणठणीत' म्हणालो म्हणून

जुन्या ट्रॅक्टरच्या धंद्यात पहिलं उत्तर कधीच खरं नसतं. विकणारा म्हणतो, "इंजिन एकदम ठणठणीत हाय." आपण मान हलवायची, त्याचा चहा प्यायचा आणि सहज बोनेटवर हात ठेवायचा. बोनेट गरम लागलं की समजायचं, गड्यानं आपण यायच्या आधीच इंजिन तापवून ठेवलंय. मग "बघू, कळवतो" म्हणून उठायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता त्याच्या दारात उभं राहायचं. गार इंजिन खोटं बोलत नाही. सांगलीत दुसऱ्याच्या गॅरेजात पाने पुसण्यापासून मी सुरुवात केली; आज माझ्या स्वतःच्या शेडसमोर ट्रॅक्टर उभे असतात, ते या अकलेवर. समोरच्याचं पहिलं उत्तर म्हणजे फक्त बोलणी सुरू झाली. खरं काय ते पुढच्या घासाघिशीत निघतं.

एवढी साधी गोष्ट साऱ्या जगाला कळते. माझ्या थोरल्या भावाला कळत नाही.

दादा फौजेतून निवृत्त होऊन साताऱ्यात राहतो. त्यानं आयुष्यभर एकच पद्धत पाहिली. विचारायचं, समोरच्यानं रिपोर्ट द्यायचा, विषय संपला. भाजीवाल्यानं सांगितलेल्या भावात तो भाजी घेतो. त्याच्याबरोबर मंडईत जायचं म्हणजे माझं रक्त आटतं.

मध्यंतरी माझं हर्नियाचं ऑपरेशन ठरलं. मिरजेच्या दवाखान्यात दाखल झालो. आदल्या संध्याकाळी दादाचा फोन आला.

"कसा हायस?"

नेमकं त्याच वेळी माझ्या खाटेजवळच्या स्टुलावर जतकडचं एक गिऱ्हाईक बसलेलं. माझा एक ट्रॅक्टर त्याच्या मनात भरला होता. माणूस आडवा झालाय, म्हणजे आता भावही आडवा होईल, या हिशेबानं ते शहाळं घेऊन भेटायला आलं होतं. त्याच्यासमोर 'दादा, मला भ्या वाटतंय' असं म्हणायचं होतं का मी? मी आवाज चढवून म्हणालो, "एकदम ठणठणीत! किरकोळ काम हाय. तू काय येऊ-बिऊ नको!"

"ठीक हाय," म्हणून त्यानं फोन ठेवला.

आणि खरंच आला नाही.

गिऱ्हाइकानं ट्रॅक्टर माझ्या भावात घेतला. पण सकाळी मला आत नेत होते तेव्हा मी स्ट्रेचरवरून मान वळवून जिन्याकडं बघत होतो. साताऱ्याहून पहिली गाडी धरली असती तर तोवर पोचला असता. नंतर हसलं की टाके ओढायचे, खोकलं की ओढायचे. रागावलं की सगळ्यात जास्त ओढायचे, आणि मी दिवसभर रागावलेलोच होतो.

"आवं, तुमीच येऊ नको म्हणालात की!" बायको म्हणाली.

"येऊ नको म्हटल्यावर यायचं असतं! तेवढंबी कळत न्हाई?"

तो राग मी जपून ठेवला. दादाचे फोन येत राहिले, मी 'ठणठणीत, ठणठणीत' म्हणून ठेवत राहिलो. शेवटी मलकापूरला भाचीच्या लग्नात तो समोर आला. पंगतीत आम्ही शेजारी बसलो आणि त्यानं विचारलं, "काय, कसा हायस?"

"आता विचारतोस व्हय?" माझा आवाज असा चढला की वाढपी जिलेबी घेऊन तसाच मागं फिरला. "पोट फाडलं तवा कुठं होतास?"

"तवाबी विचारलं होतं. तू ठणठणीत म्हणालास."

"एकदाच विचारलंस!"

"मग किती वेळा विचारायचं असतं?"

"कमीत कमी तीनदा! आरं, भंगारातला ट्रॅक्टर घेतानाबी मी तीनदा विचारतो. गार इंजिन बघायला सकाळी न सांगता जातो. आणि मी तुझा सख्खा भाऊ!"

दादा शांतपणे भात कालवत राहिला. म्हणाला, "मी काय ट्रॅक्टर घ्यायला आलो नव्हतो. तू रिपोर्ट दिलास, मी खरा मानला. तूच खरं सांगायला शिक."

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. म्हटलं, बघच आता. तेवढ्यात लांबच्या नात्यातले एक पाहुणे समोर येऊन बसले. "काय, बरं हाय ना?" त्यांनी जाता जाता विचारावं तसं विचारलं. मी सांगितलं. कुठं कापलं, जाळी कशी बसवली, शिंक आली की काय होतं, पोट साफ व्हायला किती दिवस लागले, सगळं. पाहुण्यांनी हातातली बासुंदीची वाटी खाली ठेवली, ती परत उचलली नाही. पुढं हात धुवायला गेलो तर रांगेतली माणसं मला आपणहून वाट करून देत होती. दादा मात्र जागचा न हलता ऐकत होता.

सांगलीला परतल्यावर आठवड्याभरानं असेल, सकाळी दार वाजलं. मी बनियनवर, तोंडसुद्धा धुतलेलं नाही. दार उघडलं तर दादा. फोन नाही, निरोप नाही. त्यानं माझ्या कपाळावर तळवा ठेवला. मी ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवतो तसा.

"गार हाय," तो म्हणाला. "आता बोल. कसा हायस?"

'ठणठणीत' अगदी जिभेवर आलं होतं. आसपास गिऱ्हाईक नव्हतं. मी म्हणालो, "आता बरा हाय. पण तवा लय भ्यालो होतो, दादा. वाटलं होतं तू येशील."

त्यानं उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. "चुकलं," म्हणाला.

मग आत येताना त्यानं चौकट धरली. पाय आधी आत टाकला, मग स्वतःला ओढून घेतलं. गेली तीस वर्षं मी जुन्या गाड्या बघत आलोय. ते माझ्या नजरेतून सुटलं नाही.

"तुझं कसं हाय?" मी विचारलं.

"ओके."

"दादा, कसं हाय?"

"ओके म्हटलं न्हवं?"

बायकोनं चहा आणला. मी त्याला कप दिला, स्वतःचा घेतला आणि त्याच्या समोर मांडी घालून बसलो. "मला कुठं जायचं न्हाई," म्हणालो. "कसं हाय?"

"गुडघा गेलाय," दादा म्हणाला. "जिना चढवत न्हाई. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणतोय. घरी कुणाला सांगितलं न्हाई."

"मी येतो सोबत."

"नको, नको. तू कशाला येतोस एवढ्या लांब!"

त्याच्या ऑपरेशनला मी आदल्या रात्रीपासूनच साताऱ्यात हजर होतो. माझ्या वेळेला तो आला नव्हता, हे त्याला भूल चढेपर्यंत ऐकवत होतो.