न बघता टाकलेला धोंडा

घाईआजीबद्दल तुला नक्की काय माहीत आहे, असं कुणी विचारलं तर मान खाली घालावी लागेल. ती माझी पणजी. बसल्या जागी पाय कधी स्वस्थ राहत नसे, म्हणून हे नाव पडलं. मी पाहिली ती अगदी थकलेली. खालची हकीकत तिच्या लेकीसुनांच्या तोंडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलेली, आणि हकीकत जुनी, मागच्या शतकाच्या सुरुवातीची. लिहिण्याचा मला सराव नाही. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

लग्न झालं तेव्हा ती जेमतेम सतरा-अठराची. नवऱ्याच्या वाट्याला आलेल्या शेतात माती कमी नि दगड फार. सगळे त्याला 'धोंड्यांचं रान'च म्हणत. त्यामुळे संसार सुरू झाला तो धोंडे वेचण्यातच. नवरा धोंडा उचलायचा आणि मागे न बघता डाव्या खांद्यावरून भिरकावायचा. रस्त्याकडेच्या बांधावरच्या झाडाखाली ढीग होता, त्यावर तो नेमका जाऊन आदळायचा.

"अहो, बघून टाका की! कुणाचं तरी डोकं फुटेल!"

"फुटेल त्याचं नशीब!" तो हसायचा.

एवढीच काय ती दोघांची ओळख. तोवर पलटणीची भरती निघाली आणि तो गेला.

पाच-सहा वर्षं ना निरोप, ना सांगावा. हिने मात्र एकटीने रान साफ केलं. ढिगासकट सगळे धोंडे उचलून रस्त्याच्या कडेने कमरेएवढी भिंत रचली. थोरला दीर माणूस वाईट नव्हता, पण भावाच्या नावावर त्याने मनातल्या मनात पाणी सोडलं होतं. अखेर घरात ठरलं, की या पेरणीपर्यंत धाकटा आला नाही तर शेत दिराने कसायचं आणि हिने त्याच्या घरी जाऊन राहायचं. दुसऱ्याच्या चुलीपुढे जन्म काढायला ती मुळीच तयार नव्हती.

पेरणी तोंडावर आली. दीर बैलजोडी घेऊन शेतावर पोहोचला, तर ही आधीच बैल जुंपून नांगर धरून उभी!

"अगं, थांब! ठरलंय ना आपलं?"

"पेरणीचं ठरलंय, भाऊजी. नांगरटीचं कुठे ठरलंय?"

"मला शेंडी लावतेस होय?"

"तसं समजा. तुम्ही त्या टोकाने नांगर घाला, मी या टोकाने. जिथे गाठ पडेल तिथवर ज्याचं त्याचं!"

दिराला रागही आला आणि हसूही. पाण्याची घागर त्याने झाडाखाली ठेवली नि बैलांना हाक दिली. मग काय विचारता! इकडून ही, तिकडून तो. धुळीचे लोट उठले. शेजारीपाजारी भिंतीवर चढून बसले.

"वहिनी, सोडू नका!"

"अरे दादा, बैल झोपले की तू?"

तिचा पदर कमरेला, डोक्याला नवऱ्याचं जुनं मुंडासं, तोंडावर मातीचा थर. नांगराचे तास पडत होते, सरळ, एकाला एक लागून. निम्म्याहून जास्त रान तिने मारलं होतं. एवढ्यात भिंतीपलीकडून कुणीतरी हाक दिली. दाढी वाढलेला, एका पायाने लंगडणारा, ठिगळांचा डगला घातलेला कुणी वाटसरू.

"बाई, धोंड्यांचं रान कुठे आलं हो?"

बैल थांबवायला सवड कुणाला होती? आणि इतका घाम गाळल्यावर पुन्हा तेच नाव! ती फणकारली, "इथे कसले धोंडे? डोळे आहेत ना? पुढे विचारा!"

तो बिचारा पुढे निघाला. झाड मागे पडलं. भिंतीतून निसटलेला एक धोंडा त्याच्या बुटाला लागला. त्याने वाकून उचलला आणि मागे न बघता डाव्या खांद्यावरून भिरकावला.

फट्! दिराची घागर फुटली.

"कोण रे तो? आंधळा आहेस का?" दीर ओरडला. पण त्याच्याही वर तिचा आवाज चढला. आपण काय बोलतोय हे कळायच्या आधीच ती ओरडून गेली होती:

"अहो, बघून टाका की!"

वाटसरू गर्रकन वळला. नांगराचं रुमणं तिच्या हातातून सुटलं. त्याने शेताकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, तिच्या मातीने माखलेल्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं... धोंडे कुठे गेले?"

"भिंतीत!" ती म्हणाली, आणि हसता हसता रडायला लागली.

भिंत ओलांडून आधी धावला तो दीरच. भावाला मिठी मारून म्हणाला, "लेका, जिवंत आहेस हे सांगायला माझी घागरच सापडली तुला?"

या गडबडीत तिचे बैल मोकळेच चालत राहिले आणि त्यांनी साऱ्या रानात आडवातिडवा एक तास ओढून ठेवला. पेरणी नवरा-बायकोनेच केली, त्या तासासकट. पीक वर आलं तेव्हा ती वाकडी ओळ रस्त्यावरूनही दिसायची म्हणे. पुढे त्यांना पाच मुलं झाली, तिसरे माझे आजोबा. पणजोबांना कुणी लढाईचं विचारलं, की ते घागरीचंच सांगत.

घाईआजीला मी शेवटचं भेटलो तेव्हा सुट्टी संपवून निघालो होतो. ती ओट्यावर बसली होती. अंगणात पायाखाली दगड आला, तो मी उचलला.

"बघून टाक रे," ती म्हणाली.

"हो आजी, बघूनच टाकतो."

"मग ठीक. नीघ आता, गाडी चुकेल."